डावखुऱ्यांचा स्वभाव : शब्द, मापन आणि वस्तुस्थिती

मनुष्याच्या अंतरंगाची खूण त्याच्या देहावर कोठे तरी उमटलेली असलीच पाहिजे, ही समजूत फार जुनी आहे. सामुद्रिकाने ती तळहाताच्या रेषांत शोधली; एकोणिसाव्या शतकातील काही युरोपीय पंडितांनी ती कवटीच्या उंचवट्यांत शोधली. हे दोन्ही शोध आता विद्यापीठांच्या आवाराबाहेर गेले आहेत. परंतु त्याच जातीचा एक तिसरा प्रश्न अद्याप विद्यापीठांत सन्मानाने वावरतो. तो असा की, जो मनुष्य डाव्या हाताने लिहितो त्याचा स्वभाव उजव्या हाताने लिहिणाऱ्याहून वेगळा असतो काय? पदव्युत्तर प्रबंधिकेसाठी हा विषय मोठा सोयीचा वाटावा असा आहे. हाताच्या वापराची एक प्रश्नावली, स्वभावविशेषांची दुसरी प्रश्नावली आणि शंभर विद्यार्थी एवढ्या सामग्रीवर तो हाताळता येईल असे प्रथमदर्शनी वाटते.

मोठ्या प्रमाणावरील अभ्यासांनी या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी नकारार्थी दिले आहे. तरीही प्रश्न मावळत नाही. तो न मावळण्याचे एक कारण भाषेत आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत असून, त्या दृष्टीने प्रथम शब्दांची, नंतर मापनाची आणि शेवटी निष्कर्षांची तपासणी येथे क्रमाने केली आहे.

१. शब्दांची साक्ष

‘उजवा’ हा शब्द ‘ऋजु’ म्हणजे सरळ या संस्कृत शब्दापासून प्राकृत ‘उज्जु’ या रूपाच्या वाटेने मराठीत आला. जी बाजू सरळ ती उजवी, असा हा अर्थविकास आहे. इंग्रजीतील ‘राइट’ हा शब्दही ‘सरळ’ याच अर्थाच्या आद्य भारोपीय धातूकडे नेला जातो. ‘डावा’ या शब्दाची वंशावळ मात्र अशी कुलीन नाही. प्राकृतात ‘डव्व’, ‘डाव’ अशी त्याची रूपे आढळतात आणि वैयाकरण त्यांस देश्य म्हणतात.

व्युत्पत्तीपेक्षा वापर अधिक बोलका आहे. तुलनेत सरस ठरणे म्हणजे ‘उजवे ठरणे’. बऱ्यावाइटाची निवड करणे म्हणजे ‘डावे-उजवे करणे’. एखाद्याची उपेक्षा करणे म्हणजे त्यास ‘डावलणे’. देवाने अनुकूल उत्तर दिले म्हणजे ‘उजवा कौल’ मिळाला. संस्कृतातही ‘दक्षिण’ म्हणजे उजवा, आणि त्यावरून आलेले ‘दाक्षिण्य’ म्हणजे सौजन्य. ‘वाम’ म्हणजे डावा, आणि प्रतिकूलही. याच ‘वाम’ शब्दाचा ‘सुंदर’ असाही अर्थ आहे. अशुभाचे थेट नाव टाळून त्यास गोड नाव द्यावे, अशी ही रीत असावी. कारण ग्रीक भाषेतील डाव्याचे एक नाव ‘अधिक चांगला’ अशा अर्थाचे आहे. लॅटिनमधील डाव्याचा वाचक ‘सिनिस्टर’ हा शब्द इंग्रजीत गेल्यावर अशुभसूचक बनला, तर फ्रेंचमधील ‘गोश’ हा शब्द डावा आणि ओबडधोबड असे दोन्ही अर्थ वाहतो.

‘सव्य’ या शब्दाचा इतिहास तर विशेष उद्बोधक आहे. संस्कृतात सव्य म्हणजे मुळात डावा. दोन्ही हातांनी बाण सोडू शकणारा म्हणून अर्जुनास सव्यसाची म्हटले, ते याच अर्थाने. कर्मकांडात जानवे डाव्या खांद्यावर असणे ही देवकार्याची रीत, तीच सव्य. उजव्या खांद्यावर असणे ही पितृकार्याची रीत, ती अपसव्य. अशा रीतीने सव्याला शुभत्व चिकटले, आणि पुढे त्याचा अर्थ ‘उजवा’ असाही रूढ झाला. शुभ ते उजवे, या ओढीपुढे शब्दाचा मूळ अर्थसुद्धा टिकला नाही, असे यावरून दिसते.

उजव्या हाताच्या या सार्वत्रिक प्रतिष्ठेचे समाजशास्त्रीय विवेचन फ्रेंच पंडित रोबेर हर्ट्झ यांनी १९०९ साली केले. दोन हातांमधील शारीरिक भेद अल्प आहे, परंतु पवित्र आणि अपवित्र अशी जगाची विभागणी करणारा समाज त्या अल्प भेदावर आपली संपूर्ण व्यवस्था आरोपित करतो, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होय.

आता ‘डावखुरा’ या शब्दाकडे पाहू. ‘तो डाव्या हाताने लिहितो’ हे एका क्रियेचे वर्णन आहे. ‘तो डावखुरा आहे’ असे म्हणताच क्रियेचे वर्णन संपते आणि मनुष्याचा प्रकार सांगितला जातो. याच्या जोडीचा, उजव्या हाताने कामे करणाऱ्याचा वाचक असा शब्द मात्र नित्याच्या मराठीत चालत नाही. क्रिकेटच्या वर्णनातही एक फलंदाज ‘डावखुरा’ असतो आणि दुसरा केवळ ‘उजव्या हाताने खेळणारा’ असतो. प्राग संप्रदायाच्या ट्रुबेत्स्कॉय आणि याकोबसन या भाषाशास्त्रज्ञांनी विरोधी जोड्यांतील चिन्हित आणि अचिन्हित घटकांचा जो भेद सांगितला, त्याचे हे उत्तम उदाहरण होय. अचिन्हित घटक गृहीत असतो. त्याविषयी कोणी काही विचारीत नाही. चिन्हित घटकाने मात्र आपले स्पष्टीकरण द्यावयाचे असते. ‘उजव्या हाताने लिहिणाऱ्यांचा स्वभाव कसा असतो?’ हा प्रश्न कोणासही सुचत नाही. ‘डावखुऱ्यांचा स्वभाव कसा असतो?’ हा प्रश्न सहज सुचतो, आणि त्याचे काही तरी उत्तर असलेच पाहिजे असेही वाटते.

२. शास्त्राच्या वेषातील पूर्वग्रह

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील लेखन पाहिले असता, शब्दांत साठलेला हा पूर्वग्रह शास्त्रात कसा उतरला ते स्पष्ट होते. इटालियन गुन्हेशास्त्रज्ञ चेझारे लोंब्रोझो यांनी १९०३ साली डावखुरेपणाचे प्रमाण गुन्हेगारांत व वेड्यांत अधिक असल्याचे प्रतिपादन केले. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ सिरिल बर्ट यांनी १९३७ साली मागासलेल्या मुलांवरील आपल्या ग्रंथात डावखुऱ्या मुलाचे जे चित्र काढले त्यात तिरळेपणा, तोतरेपणा, फरफटत चालणे आणि खेळातील गबाळेपणा हे सर्व एकत्र आले. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ एब्रम ब्लाऊ यांनी १९४६ साली याच्याही पुढचे पाऊल टाकले. डावखुरेपणा हा बालपणातील भावनिक नकारवृत्तीचा, म्हणजे एका प्रकारच्या हट्टाचा आविष्कार होय, असा त्यांचा सिद्धांत होता. आणि मुलास उजव्या हाताचे वळण लावणे हे त्यावरून निघणारे कर्तव्य होते.

ब्लाऊ यांच्या सिद्धांताचे खंडन पुढे गर्भाच्या निरीक्षणानेच केले. पीटर हेपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्वनिलहरींच्या साहाय्याने गर्भावस्थेत अंगठा चोखताना पाहिलेल्या ७५ मुलांचा पाठपुरावा करून २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. उजवा अंगठा चोखणारी ६० च्या ६० मुले पुढे उजव्या हाताने काम करणारी निघाली. डावा अंगठा चोखणाऱ्या १५ मुलांपैकी १० डावखुरी झाली आणि ५ उजवीकडे वळली. ज्या जिवाला अद्याप आज्ञा करणारे कोणी नाही, त्याच्या ठायी आज्ञाभंगाचा हट्ट कल्पिता येत नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून हाताच्या कलात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे एक-चतुर्थांश असावा असा अंदाज आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, सतरा लाखांहून अधिक व्यक्तींच्या जनुकीय पाहणीत डावखुरेपणाशी निगडित ४१ जनुकस्थाने आणि दोन्ही हात सारखे वापरण्याशी निगडित ७ स्थाने आढळली. त्यांपैकी प्रत्येकाचा परिणाम अत्यल्प आहे. सारांश, ‘डावखुरेपणाचे जनुक’ असे एकच काही नाही, आणि हाताचा कल हा इच्छेचा विषयही नाही.

३. डावखुरा कोणास म्हणावे?

दोन गटांच्या स्वभावाची तुलना करावयाची तर प्रथम गट निश्चित व्हावयास हवेत. येथेच अडचणीस प्रारंभ होतो. सचिन तेंडुलकर फलंदाजी उजव्या हाताने करीत आणि लेखन डाव्या हाताने करतात. सौरव गांगुली यांच्या बाबतीत नेमके याच्या उलट आहे. भारतीय संघाच्या या सलामीच्या जोडीत डावखुरा कोण, या प्रश्नाचे उत्तर हाती बॅट आहे की लेखणी यावर अवलंबून राहील.

या अडचणीवर उपाय म्हणून ओल्डफील्ड यांनी १९७१ साली एडिंबरो येथे तयार केलेली सूची आजही सर्वत्र वापरली जाते. लेखन, चित्र काढणे, फेकणे, कात्री, दात घासण्याचा ब्रश, सुरी, चमचा, झाडू, काडी ओढणे आणि डबीचे झाकण उघडणे अशा दहा क्रिया तीत आहेत. उजव्या हाताच्या गुणांतून डाव्याचे गुण वजा करून त्या बाकीस एकूण गुणांनी भागावयाचे व शंभराने गुणावयाचे. येणारा अंक उणे शंभर ते अधिक शंभर यांच्या दरम्यान कोठेही पडतो. म्हणजे मापन एका सलग पट्टीवर होते. ‘डावा’ आणि ‘उजवा’ हे दोन गट त्या पट्टीवर रेघ मारून संशोधकाने पाडलेले असतात. ही रेघ कोठे मारावी यावर फलित किती बदलते, हे २०२० सालच्या एका बृहत् विश्लेषणात दिसून आले. सुमारे २४ लाख व्यक्तींच्या माहितीवरून डावखुऱ्यांचे प्रमाण १०.६ टक्के ठरले. परंतु अत्यंत कडक निकषाने ते ९.३ टक्के येई, आणि ‘पूर्णतः उजवे नाहीत ते सर्व’ अशा सैल निकषाने १८.१ टक्के.

दुसरी अडचण रूढीची आहे. १९७६ साली तैवानमधील चार हजारांहून अधिक व्यक्तींच्या पाहणीत डाव्या हाताने लिहिणारे अवघे ०.७ टक्के व डाव्या हाताने जेवणारे १.५ टक्के आढळले. ज्या क्रियांवर समाजाची नजर नसते त्यांत मात्र डाव्या हाताचे प्रमाण इतके खाली गेलेले नव्हते. आपल्याकडे ही बाब अधिकच ध्यानी धरली पाहिजे. जेवणे, प्रसाद घेणे, पैसे देणे या क्रिया उजव्या हाताने कराव्यात हे महाराष्ट्रातील मुलास अक्षरओळखीपूर्वीच शिकविले जाते. तेव्हा ‘आपण कोणत्या हाताने जेवता?’ या प्रश्नाचे मराठी उत्तर हाताचा कल सांगत नसून घरची शिस्त सांगते. एडिंबरोच्या सूचीचे नुसते भाषांतर करून ती येथे राबविणे यासाठीच धोक्याचे आहे.

४. स्वभावाच्या मापनाचे फलित

स्वभावमापनासाठी हल्ली बहुधा पाच घटकांची चौकट स्वीकारली जाते : बहिर्मुखता, सौहार्द, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थैर्य आणि नव्या अनुभवाविषयीची उत्सुकता. न्यूझीलंडमधील जीना ग्रिमशॉ व मार्क विल्सन यांनी सहाशेहून अधिक विद्यार्थ्यांवर केलेले संशोधन २०१३ साली प्रसिद्ध झाले. या पाचांपैकी एकाही घटकात डावे आणि उजवे यांत भेद आढळला नाही. परंतु त्याच संशोधनात, डावखुरे लोक कसे असतात असे विचारता, ते अधिक अंतर्मुख व नव्या अनुभवांस अधिक खुले, म्हणजे लोकसमजुतीतील कलावंतासारखे असतात, असे मत पुढे आले. आणि हे मत उजव्यांइतकेच डाव्यांचेही होते. स्वभावात भेद नाही, भेदाविषयीची समजूत मात्र दोन्ही पक्षी समान आहे, ही वस्तुस्थिती मननीय आहे.

इतर दाव्यांची गतही अशीच झाली. डावखुरे अधिक विषण्ण असतात काय, याचा ८७ अभ्यासांवरून घेतलेला धांडोळा २०२१ साली प्रसिद्ध झाला; त्यात भेद सिद्ध झाला नाही. ‘डावखुरा उजव्या मेंदूने विचार करतो, म्हणून तो प्रतिभावान’ ही अलीकडची स्तुतिपर समजूतही तपासणीत टिकत नाही. क्नेख्त व सहकाऱ्यांनी २००० साली ३२६ निरोगी व्यक्तींची तपासणी करून असे दाखविले की, भाषेचे केंद्र मेंदूच्या उजव्या गोलार्धात असण्याचे प्रमाण पक्क्या उजव्यांत ४ टक्के, दोन्ही हात वापरणाऱ्यांत १५ टक्के आणि पक्क्या डाव्यांत २७ टक्के असते. प्रमाण वाढते हे खरे. तरी पक्क्या डावखुऱ्यांपैकीही जवळजवळ तीन-चतुर्थांशांची भाषा इतरांप्रमाणेच डाव्या गोलार्धात नांदते. निंदेच्या जागी स्तुती आली एवढ्याने जुनी चौकट बदलत नाही; डावखुऱ्याने ‘वेगळे’ असले पाहिजे ही अपेक्षा दोहोंत एकच आहे.

मग काहीच उरत नाही काय? थोडे उरते, परंतु ते निराळ्या दिशेस. कित्येक संशोधकांच्या मते हात कोणता यापेक्षा तो किती सातत्याने वापरला जातो हे अधिक महत्त्वाचे. न्यूझीलंडच्या उपर्युक्त अभ्यासात मिश्रहस्त व्यक्ती दोन्ही पक्क्या गटांहून किंचित् अधिक अंतर्मुख आढळल्या. बार्नेट व कॉर्बालिस यांनी २००२ साली दोन्ही हात सारखे वापरण्याचा संबंध चमत्कारिक कार्यकारणभावावर विश्वास ठेवण्याच्या प्रवृत्तीशी जोडला. हे परिणाम लहान आहेत आणि त्यांचे स्पष्टीकरण वादग्रस्त आहे. तथापि डावा-उजवा या शब्दजोडीने आखलेली रेघच चुकीच्या जागी पडली असावी, एवढे त्यांवरून सुचते.

नव्या संशोधकाने येथे थोडे गणित करून पाहावे. शंभर विद्यार्थ्यांत डावखुरे सुमारे दहा मिळतील. दहा आणि नव्वद यांच्या सरासरींतील फरकाची प्रमाण त्रुटी ही प्रमाण विचलनाच्या एक-तृतीयांश येते. म्हणजे दोन गटांतील फरक प्रमाण विचलनाच्या सुमारे दोन-तृतीयांशाइतका असल्याखेरीज तो पाच टक्क्यांच्या कसोटीस उतरणार नाही. एवढा मोठा भेद अस्तित्वात असता तर तो शोधावयास प्रश्नावलीची गरजच पडली नसती. उलट वीस तुलना केल्या तर त्यांतील एखादी निव्वळ योगायोगाने ‘सार्थ’ ठरणे अपेक्षितच असते. आणि प्रसिद्धीस जाते ती नेमकी तीच.

५. वागणुकीचे फळ की स्वभाव?

जो भेद खरोखर आढळतो तोही डावखुऱ्याच्या ठायीचा असेलच असे नाही. हॅल्पर्न व कोरेन यांनी १९९१ साली दक्षिण कॅलिफोर्नियातील मृत्यूंच्या नोंदींवरून असे जाहीर केले की, उजव्यांचे मृत्युसमयीचे सरासरी वय ७५ असून डावखुऱ्यांचे ६६ आहे. या नऊ वर्षांच्या तफावतीने मोठी खळबळ उडाली. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी जन्मलेल्या पिढीतील बहुतेक डावखुऱ्यांना शाळेत उजव्या हाताचे वळण लावले गेले होते. वृद्धांत नोंदलेले डावखुरे मुळातच थोडे; साहजिकच मृतांतील डावखुरे सरासरीने तरुण दिसले. आयुष्याचा भेद म्हणून जे मांडले गेले तो वस्तुतः शाळांच्या इतिहासाचा भेद होता.

लेखनाच्या बाबतीतही असेच घडते. देवनागरी डावीकडून उजवीकडे लिहिली जाते. उजवा हात लेखणी ओढत नेतो. डाव्या हातास ती ढकलावी लागते, लिहिलेले अक्षर हाताखाली झाकले जाते, ओली शाई फासली जाते, आणि शिरोरेघ ओढतानाही तोच प्रसंग पुन्हा येतो. जोडास वर्गातील खुर्चीची लिहिण्याची फळी उजव्या बाजूस असली म्हणजे शरीर वाकडे करून बसावे लागते. लिपी आणि लाकूड यांनी लादलेली ही अडचण शिक्षकाच्या शेऱ्यात ‘गबाळा’, ‘संथ’, ‘अस्थिर’ अशा स्वभावविशेषणांनी उतरली, तर दोष कोणाचा?

६. देहाचा अर्थ आणि भाषेचा अर्थ

भाषेनेच सर्व घडविले, असा निष्कर्ष मात्र काढता येणार नाही. डॅनिएल कासासान्तो यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग या दृष्टीने फार महत्त्वाचे आहेत. एक चांगला मानलेला प्राणी आणि एक वाईट मानलेला प्राणी, डाव्या व उजव्या चौकटींत मांडण्यास सांगितले असता, उजव्या हाताच्या बहुसंख्य व्यक्तींनी चांगला प्राणी उजवीकडे ठेवला, तर बहुसंख्य डावखुऱ्यांनी तो डावीकडे ठेवला. दोघांचीही भाषा एकच होती आणि ती उजव्याचीच स्तुती करणारी होती. २०११ सालच्या प्रयोगात उजव्या व्यक्तींच्या उजव्या हातावर जाड हातमोजा चढवून त्यांच्याकडून सुमारे बारा मिनिटे सोंगट्या मांडून घेतल्या. तेवढ्याने त्यांचाही कौल डावीकडे झुकला. अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या २००४ व २००८ सालच्या वादसभांतील हावभावांच्या अभ्यासात, उजवे बुश व केरी अनुकूल गोष्टी बोलताना उजव्या हाताकडे, आणि डावखुरे ओबामा व मकेन डाव्या हाताकडे झुकत, असे दिसून आले.

यावरून अर्थाचे दोन स्तर वेगळे करता येतात. ‘चांगले कोणत्या बाजूस?’ या प्रश्नाचे उत्तर देह आपल्या सहजतेवरून देतो. जो हात सुलभ त्याची बाजू चांगली. ‘डावखुरा मनुष्य कसा?’ या प्रश्नाचे उत्तर मात्र देहाला ठाऊक नसते; ते समाजाच्या शब्दांतून घ्यावे लागते, आणि म्हणून डावखुराही स्वतःविषयी इतरांचेच मत बोलतो. पहिल्या स्तरावर हात आणि मन यांचा संबंध खरा आहे, पण तो डाव्या-उजव्या सर्वांस एकाच नियमाने लागू आहे. दुसऱ्या स्तरावरील संबंध हा रूढ समजुतीचा आहे.

७. उपसंहार

एकंदरीत, डावखुऱ्यांचा असा स्वतंत्र स्वभाव नाही. हाताच्या कलाचे मापन सलग पट्टीवर होते, त्याचे मूळ जन्मापूर्वीचे आहे, आणि स्वभावाच्या प्रमुख घटकांशी त्याच्या दिशेचा संबंध मोठ्या अभ्यासांत आढळत नाही. ‘डावखुरा’ या चिन्हित शब्दाने निर्माण केलेली जागा रिकामी दिसते, म्हणून ती प्रत्येक काळ आपापल्या भीतीने किंवा कौतुकाने भरून काढतो : लोंब्रोझो यांनी गुन्हेगाराने भरली, ब्लाऊ यांनी हट्टी बालकाने भरली, आजची लोकप्रिय मासिके ती प्रतिभावंताने भरतात.

ज्यांस या क्षेत्रात काम करावयाचे आहे त्यांनी प्रश्न बदलून घ्यावा. उत्तरदात्याचा हात कोणता, एवढेच न विचारता तो किती सातत्याने वापरला जातो, कोणत्या क्रियेत बदलला गेला, कोणत्या वयात आणि कोणाच्या आज्ञेने बदलला गेला, हे विचारावे. आणि प्रश्नावली मराठीत करताना जेवण व लेखन या क्रियांची गणना वेगळी ठेवावी. हा केवळ पद्धतीचा काटेकोरपणा नव्हे. ज्या मुलाने आज पेन्सिल डाव्या हातात धरली आहे, त्याच्याविषयी शिक्षक व पालक काय समजतात, त्यावर त्याचा हात बदलला जाणार की त्यास बाक बदलून मिळणार हे ठरत असते. बाक बदलणे सोपे आहे, आणि शास्त्राचा आधारही त्यालाच आहे.